टप्प्यातलं हरण

गुरुजी, मी हरण हुसकावलं. माझं नव्हे, दुसऱ्याचं. ऐंशी ओलांडलेल्या एका म्हाताऱ्याचं, आणि बहुधा त्याच्या आयुष्यातलं शेवटचं. आठ दिवस झाले तरी अंगातली थरथर गेलेली नाही, आणि ही थरथर सगळीच्या सगळी लाजेची आहे असं म्हटलं तर तुम्ही वर्गात चढवायचात तशी एक भुवई वर चढवाल. म्हणून लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं झाली, मी स्वतः पंचाहत्तरीला टेकलो, तरी कोरं पान समोर आलं की हात आधी समास आखतो आणि मगच मजकुराला लागतो. सांगायचं एवढं आहे की कुठून धरू कळत नाही. पायथ्यापासूनच धरतो.

मी इथे कॅनडात मुलाकडे राहतो. गावाचं नाव मिल्टन. टोरोंटोच्या पश्चिमेला एकाच साच्यातून काढल्यासारखी नवी घरं आहेत, इतकी सारखी की पहिल्या वर्षी मी दोनदा दुसऱ्याच्याच दाराला किल्ली लावून खटपट करत उभा होतो. आमच्या डाव्या हाताला पन्नाशीचा एक गोरा माणूस राहतो. प्लंबिंगची कामं घेतो. बर्फ पडला की स्वतःचा ड्राइव्हवे शोव्हल करून झाल्यावर न सांगता आमचाही करून टाकतो. ऑक्टोबरात तो गॅरेज उघडं टाकून शिकारीचं सामान पुसत बसला होता आणि मी फेरी मारता मारता तिथे थबकलो. बोलता बोलता आपल्या गावच्या डुकराच्या शिकारी निघाल्या. मी थोडं मीठमसाला लावून सांगितलं, खोटं कशाला बोलू. तो हातातलं फडकं ठेवून ऐकत राहिला आणि म्हणाला, "मग चला की आमच्याबरोबर! नुसतं बसायला. माझ्या वडिलांना तुमची सोबत होईल." मग आवाज खाली आणून त्यानं सांगितलं, की वडिलांचा हात आता कापतो, खांदा बंदुकीचा धक्का सोसत नाही, हा हंगाम शेवटचा असं त्यांनीच ठरवलंय. तीन वर्षं त्यांना एकही हरण मिळालेलं नाही. यंदाचा टॅग, म्हणजे एक हरण मारायचा परवाना, त्यांच्या खिशात तसाच पडून आहे. "डॅडला तो रिकामा परत न्यायचा नाहीये," तो म्हणाला.

घरी सांगितलं तर गंमतच झाली. मुलगा म्हणाला, "बाबा, आर यू शुअर? पहाटे मायनस आठ असेल. आणि तिथे वॉशरूम नाही." सून म्हणाली, "दोन-दोन थर्मल्स घाला. आणि प्लीज बाबा, त्यांना कविता म्हणून दाखवू नका." नात तर हसत सुटली. "आजोबा, यू कान्ट इव्हन किल अ स्पायडर!" मी म्हटलं, मला मारायचं नाहीच, मला फक्त जायचंय. खरं सांगतो गुरुजी, त्या आठवड्यात मला सहलीच्या आदल्या दिवशी यायची तसली झोप येत होती, म्हणजे येतच नव्हती.

ओटावाच्या वाटेवर चार तास गाडी हाकली की त्यांच्या घराण्याची शंभर एकर जागा लागते. सगळं रान, मध्ये लाकडाचं एक केबिन. म्हातारा दारातच उभा होता. उंच, वाळलेला, पण डोळे पाणीदार. शेजाऱ्यानं माझी ओळख करून दिल्यावर त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तर तुम्ही रानडुकरं मारायचात?"

"मारत नव्हतो. ओरडायचो."

"ओरडण्याचे पैसे मिळायचे?"

"मटणाचा वाटा मिळायचा."

तो खो खो हसला. "बरी नोकरी आहे! उद्या मात्र रजेवर राहा. ओरडू नका म्हणजे झालं." त्यानं मला सविस्तर समजावलंही. इथेही काही लोक हाकारे घालून हरणं पळवतात, पण पळत्या हरणावर आता त्याचा नेम बसत नाही. हरण चालत यायला हवं, थांबायला हवं, आडवं उभं राहायला हवं. त्यासाठी एकच काम, गप्प बसणं. मी मान हलवली. तुमच्यासमोर हलवायचो तशीच.

पहाटे मला नारिंगी जॅकेट आणि नारिंगी टोपी चढवली. रानात बसणाऱ्या प्रत्येकानं हे घालायचंच, म्हणजे दुसऱ्या कुणाची गोळी लागत नाही. एका मोकळ्या गवताच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला फळ्यांची एक छोटी खोपी होती. तिच्यात खिडकीच्या चौकटीवर बंदूक टेकवून म्हातारा बसला. मी आणि शेजारी खालच्या टोकाला, गोळीच्या रेषेपासून बाजूला, पडलेल्या झाडाच्या आड. आमच्या पाठीमागे दाट झाडी आणि दलदल. उजाडू लागलं तसं गवताचं एकेक पातं पांढरं होऊन उभं राहिलं, आणि गुरुजी, इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. तुमच्या वर्गातल्या कविता रांगेनं ओठांवर यायला लागल्या. हिवाळ्याच्या, पहाटेच्या, रानाच्या, पाठ केलेल्या सगळ्या. मी मफलर तोंडात धरून बसलो. शेजाऱ्याला वाटलं थंडी वाजतेय, त्यानं मला हात गरम करायची पुडी दिली.

आणि मला तो दिवस आठवला. तुम्हालाही आठवत असेल. मी वीस वर्षांचा, कॉलेजच्या सुट्टीत घरी आलेला. शाळेमागच्या डोंगरावर शिकार निघाली होती, तुम्ही हाकाऱ्यांचे म्होरके. म्होरकेपण तुम्हाला आवाजामुळे मिळालं होतं. कविता म्हणताना तुम्ही आम्हाला मागच्या भिंतीला उभं करून सांगायचात, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांना शेवटचा शब्द कळला पाहिजे. ठासणीच्या बंदुका घेऊन तिघंजण वर डुकरांच्या वाटेवर बसले होते आणि आपण खालून रान उठवत चाललो होतो. माझ्या वाट्याला करवंदीच्या जाळ्यांमधली एक फट आली होती. मी त्या जाळ्यांवरच्या दवात गुंगलो. कोळ्याच्या एका जाळ्यात अख्खी सकाळ अडकली होती, मी ती बघत उभा. आणि डुक्कर माझ्यापासून पाच हातांवरून धाडधाड निघून गेलं. माझ्या तोंडातून हूं की चूं नाही. तुम्ही झाडीतून वर आलात, धोतर खोचलेलं, पोटऱ्या काट्यांनी ओरबाडलेल्या, आणि सगळ्या गावासमोर म्हणालात, "काय रे, दातखीळ बसली काय? वर्गात कविता म्हणायचास तेव्हा कौलं हलायची, आणि इथे काय झालं?" कुणीतरी मागून म्हणालं, "कॉलेजात जाऊन मुका झाला तो!" त्या दिवशी दुसरं एक लहान डुक्कर मिळालं. मला वाटा घ्यायची लाज वाटली, मी तसाच घरी आलो. संध्याकाळी पळसाच्या पानात बांधलेला वाटा आईच्या हातात होता. तुम्ही स्वतःचा पाठवला होतात. त्याबद्दल मी तुमच्याशी कधी एक शब्द बोललो नाही. आज बोलतो, चोपन्न वर्षांनी. आईनं त्या रात्री सुकं केलं होतं आणि मी चार भाकऱ्या खाल्ल्या होत्या.

हां, तर रान. साडेसात झाले असतील. शेजारी माझ्या गुडघ्यावर हळूच बोट टेकवतो. मी बघतो, आणि डाव्या बाजूच्या झाडीतून तो बाहेर येतोय. नर. शिंगं अशी की मी मोजायला लागतो आणि मोजणं चुकतो. पाय उचलतो आणि पुन्हा टेकवायच्या आधी विचार करतो. नाकातून वाफ. आम्हाला तो दिसतोय, आम्ही त्याला दिसत नाही. तो गवतात मध्यावर येतो, वास घेतो, मान फिरवतो आणि चार पावलं आमच्या दिशेनं टाकतो. खाली. दलदलीकडे. खोपीकडे पाठ करून.

गुरुजी, पुढचं कसं झालं ते मी स्वतःला शंभरदा विचारलंय. मी उठलो. गुडघा कटकन वाजला. दोन्ही हात वर, नारिंगी बाह्या पसरलेल्या, आणि बेंबीच्या देठापासून, "हाऽऽ हो हो होऽऽ! आला रे आलाऽऽ! वरच्या अंगालाऽऽ! धरा, धराऽऽ!" काय आवाज लागला होता! समोरच्या झाडीवर आपटून तो परत आला. विहिरीवरच्या बायका सोडा, पलीकडच्या गावाला शेवटचा शब्द कळला असता. नर जागच्या जागी हवेत उडाला, शेपटीचा पांढरा झेंडा उभा राहिला, आणि वरच्या अंगाला न जाता सरळ आडवा, तीन उड्यांत उजवीकडच्या झाडीत गडप. फांदी मोडल्याचा एक आवाज. मग काही नाही. मी हात वर करूनच उभा होतो.

शेजारी मला एकच शब्द म्हणाला, "व्हाय?" रागानं नाही म्हणाला. खरंच कळलं नव्हतं त्याला.

म्हातारा खोपीतून बाहेर आला. त्यानं बंदुकीतली गोळी काढून खिशात घातली, आणि आमच्याकडे न बघता केबिनच्या वाटेला लागला. वाटेत शेजाऱ्यानं मला सांगितलं, की तो नर खोपीकडे पाठ करून चालला होता हे खरं, पण खाली गवतात हरणांना चाटायला ठेवलेला मिठाचा दगड आहे, त्यापाशी येऊन तो आडवा उभा राहणार होता. दरवर्षी राहतो. डॅड त्याचीच वाट बघत होता. चार पावलं, फार तर पाच.

दुपारी ते दोघे पुन्हा बसायला गेले. मला केबिनमध्ये ठेवलं. शिक्षा म्हणून नाही, गुडघ्यासाठी, असं म्हणाले, पण वर्गाबाहेर उभं केल्यावर कसं वाटतं ते मला ठाऊक आहे. मी भांडी घासली, लाकडं रचली, चहा उकळून ठेवला. दिवस मावळला, हंगाम संपला. ते रिकामे परत आले. म्हाताऱ्यानं तो टॅग टेबलावर ठेवला, कोरा करकरीत, आणि माझ्यासमोर बसला.

"काय ओरडत होतात तुम्ही?"

मी अर्थ सांगितला.

"वरच्या अंगाला कोण होतं?"

"कुणी नाही. तसं म्हणायची पद्धत आहे."

त्यानं टॅग बोटानं बाजूला सारला. मग म्हणाला, "साठ वर्षं शिकार करतोय. माझी हरणं खोकल्यानं गेलीत. थर्मासच्या झाकणानं गेलीत. एकदा मेव्हण्याच्या घोरण्यानं गेलं. पण ऑपेरानं पहिल्यांदाच." शेजाऱ्याला हसू आवरेना, पण वडील हसत नव्हते म्हणून तोही थांबला. म्हाताऱ्यानं विचारलं, "कुणी शिकवलं हे तुम्हाला?"

मी म्हणालो, "माझ्या गुरुजींनी. जनावर दिसलं की ओरडायचं, असंच त्यांनी शिकवलं. सवय आहे, सुटत नाही."

"आहेत अजून?"

"नाही. वारून पस्तीस वर्षं झाली."

"मग त्याला शिव्या घालायचीही सोय नाही," म्हातारा म्हणाला. आणि बीन्सचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "माझ्या बापानंही मला काय काय चुकीचं शिकवलं. खा." शेजारी म्हणाला, "इट्स कल्चरल, डॅड." विषय मिटला. परतीच्या वाटेवर म्हाताऱ्यानं माझ्याकडून तो हाकारा दोनदा म्हणून घेतला, गाडीच्या काचा बंद करून.

घरी मुलानं कपाळावर हात मारून घेतला. "बाबा, यू टोल्ड देम इट्स कल्चरल?" मी म्हटलं, मी नाही, ते म्हणाले.

आता तुम्हाला जे सांगायचं ते. दर शिकारीला रान उठवायच्या आधी तुम्ही सगळ्यांना वडाखाली गोळा करायचात आणि तेच सांगायचात. जनावर बंदुकीच्या टप्प्यात गेलं की हाकाऱ्याचं काम संपलं. जिथे असाल तिथे बसायचं, तोंड मिटून, मग ते जनावर कुठेही वळो. ते बंदूकवाल्याचं. आम्ही पोरं कंटाळून तुमच्याबरोबर ओठ हलवायचो, इतकं ते पाठ होतं. आणि त्या सकाळी खोपीच्या खिडकीतून नळीचं टोक दोन बोटं पुढे आलेलं मला दिसलं होतं, गुरुजी. मी उठायच्या आधी दिसलं होतं. हरण टप्प्यात होतं, मला कळलं होतं. तरी उठलो. मला ओरडायचं होतं. त्या क्षणी मी त्या म्हाताऱ्याचा, त्याच्या टॅगचा, कशाचाच विचार केला नाही, आणि ओरडून झाल्यावर क्षणभर इतका खुश होतो की हात खाली घ्यायचं सुचलं नाही.

म्हाताऱ्यानं माफ केलं ते मला नाही, चुकीचं शिकवणाऱ्या मास्तराच्या भाबड्या विद्यार्थ्याला. तो आता ही गोष्ट भेटेल त्याला सांगतो म्हणे, आणि दर वेळी तुम्ही थोडे अधिक वेडे होता. काल शेजारी कुंपणापाशी येऊन म्हणाला, "डॅड विचारतोय, तुमच्या त्या टीचरचा एखादा फोटो आहे का? त्याला केबिनमध्ये लावायचाय."

मी नाही म्हणालो. आहे, गुरुजी, शाळेच्या पायऱ्यांवर काढलेला. पण तुमचा तो चेहरा बघितला तर कुणालाही कळेल, की या माणसानं असलं काही शिकवलेलं नाही.