तिसरा 'करील'

मी खाली सही करणारा, वय शहात्तर, विधी खात्यातला निवृत्त मसुदालेखक, माझी अखेरची इच्छा स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. कोणाचे दडपण नाही. मन ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. ते ठिकाणावर आहे हीच तर पंचाईत आहे. यापूर्वीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. माझे तेरा शब्दकोश सार्वजनिक वाचनालयाला द्यावेत. माझे जुने साहेब, ज्यांना आम्ही पाठीमागे कानामात्रा म्हणायचो, त्यांना मात्र एकही देऊ नये. कारण पुढे येते.

२. नव्या राज्यघटनेचा मसुदा माझ्या टेबलावर आला तेव्हा त्यात वाक्य होते : 'राज्य शिक्षणाची सोय करील, आरोग्याचे रक्षण करील व विज्ञानाला साहाय्य करील.' एका ओळीत तीनदा 'करील' माझ्या कानाला खटकला. मी तिसरा खोडला आणि समासात 'करू शकेल' लिहिले. साहेब म्हणाले, "वा, आता कसं वाचायला बरं वाटतं." सभागृहातही कोणी हूं की चूं केले नाही.

एकोणीस वर्षांनी सरकारने माझ्या मुलीच्या प्रयोगशाळेचे अनुदान बंद केले. ती कोर्टात गेली. कोर्टाने मूळ मसुदा मागवला आणि नेमका तोच शब्द धरला. निकालात म्हटले : शिक्षण, आरोग्य हे राज्याचे कर्तव्य, विज्ञान मर्जीवर, आणि शब्द विचारपूर्वक बदललेला दिसतो. विचार कसला, माझ्या कानाचे चोचले. निकालाच्या दिवशी मुलगी खांद्यावरची पिशवीही न काढता बसून राहिली आणि मी तिला चहा घेतेस का विचारले. खरे काय ते अजून सांगितलेले नाही. अपीलही फेटाळले. हातापाया पडायला आता कोणी उरले नाही.

३. माझी लाल पेने कचऱ्यात टाकावीत. आठवण म्हणून कोणाला देऊ नयेत.

४. राहते घर मुलीला, एका अटीवर. तिच्याकडे मातीतल्या जिवाणूंच्या चारशे नळ्या आहेत. त्या थंड ठेवाव्या लागतात, दर तीन महिन्यांनी नव्या नळीत उतरवाव्या लागतात, आणि आतले जिवाणू मेले की पुन्हा मिळायचे नाहीत. ज्या जमिनींतून ते जिवाणू आणले तिथे आता इमारती आहेत. त्या सर्व नळ्या तिने इथे आणाव्यात. दोन्ही फ्रीज मी रिकामे केले आहेत. शेजाऱ्यांनी वासाची कुरकुर केली तर हा कागद दाखवावा. मला दुसरे काही सुचत नाही.

५. इथवर लिहिले तेव्हा मुलगी औषध घेऊन आली. कागद लपवायला हात वेळेवर हलले नाहीत. तिने उभ्याउभ्याच वाचले.

"समासातलं अक्षर मी कोर्टातच ओळखलं होतं, बाबा," ती म्हणाली. "तुमचा 'श' कुठेही कळतो."

मग बोलली का नाहीस, मी विचारले.

"काय बोलणार? तुम्ही फ्रीज रिकामे करून वाट बघत होतात. नळ्या गेल्या, बाबा. मागच्या आठवड्यात प्रयोगशाळेची वीज तोडली सरकारने. ते तरी कसं सांगायचं तुम्हाला?"

सबब कलम चारमधली अट खोडायला हवी. पेन हातात आहे. मुलगी शेजारी बसली आहे. मला खोडवत नाही. अट तशीच राहू द्यावी.

ठिकाण : राहते घर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक : चौदा जून

(सही) लिहून ठेवणार

आमच्यादेखत सही केली :
(सही) उपचार करणारे डॉक्टर
(सही) शेजारच्या शिवणकामवाल्या बाई