जिन्यातली खुर्ची

प्रिय दादा,

"आईला प्रयोगाचा उंदीर करू नकोस," असं तू बजावलं होतंस. तरीही तिच्या हट्टामुळे मी होकार दिला. डॉक्टरांनी बारीक नळीतून तिच्या थकलेल्या हृदयात नवं जनुक सोडलं. ते आत पोचवणाऱ्या निरुपद्रवी विषाणूला आई 'पोस्टमन' म्हणते.

काही महिने फरकच दिसेना. माझी झोप उडाली होती. आज जिन्यात तिच्यासाठी ठेवलेल्या दम खायच्या खुर्चीपाशी मी सवयीनं थांबले, तर ती वरून ओरडली, "बस तूच! म्हातारी झालीस का गं?"

हे पत्र पाठवणार नाही. "त्याला सांगशील तर याद राख," म्हणालीये. तुझ्या बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर तिला स्वतः चढून यायचंय. दार उघडशील तेव्हा आधी ती दिसेल. मी मागून धापा टाकत येईन.

तुझी,
धाकटी