चाचपून घेतलेला गॉगल

जोगेश्वरी (पूर्व),
ता. ३ नोव्हेंबर २०२५

ति. भीमराजमामांस,
संघमित्राचा सप्रेम जय भीम. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, घरी सगळे ठीक आहेत. तुमच्याशी फोनवर बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि आमच्या दोन खोल्यांत ओरडलं की सगळ्यात आधी आईला ऐकू जातं. तुमचा फोन बटणांचा. मेसेज केला तर तुमच्या सूनबाई अक्षतावहिनी वाचून दाखवणार, तोही ओरडूनच. आईपासून लपतो तो फक्त कागद. ती समोर बसून मेथी निवडतेय आणि मी तिच्या पुढ्यात हे लिहितेय. लाज वाटते, पण दुसरा मार्ग नाही.

मामा, माझा उजवा डोळा जातोय असं वाटतंय.

रविवारी मी पिस्तूल शूटिंगच्या सरावाला जाते ते तुम्हाला माहीत आहे. दिवाळीच्या आधी शेजारच्या मुलीच्या पिस्तुलातून उडालेली गोळीची रिकामी, गरम पुंगळी माझ्या गालाला चाटून गेली. सरांनी सांगितलं, न फुटणारा गॉगल असेल तरच पुढच्या रविवारी ये. आईला कळल्याबरोबर तिनं विशालदादाला मॉलमध्ये पिटाळलं. डोळ्यांच्या बाबतीत कंजुषी नको, सगळ्यात भारी असेल तो आण, म्हणाली. दादानं आणलाही तसाच, काळाभोर, झकास. दिवसभर स्कूटरवरून घरोघरी रक्ताचे नमुने घेत फिरते तेव्हाही मी तोच घालते.

रेंजवर गोळी कुठे लागली ते बाजूच्या छोट्या स्क्रीनवर दिसतं. डाव्या डोळ्यावर झापड असते, म्हणून उजव्यानंच बघते. गेले दोन रविवार मान जरा कलती केली की स्क्रीन काळीठिक्कर होते. मान सरळ केली की परत येते. परवा पेट्रोल पंपावरचे आकडे गायब झाले. काल स्कूटरवर आडवा लावलेला मोबाइलही तसाच, म्हणजे आता डावाही त्याच वाटेनं निघाला की काय! घरी आलं की मात्र बरं असतं.

आईचं असंच सुरू झालं होतं का? काचबिंदू आईकडून मुलीकडे येतो म्हणतात. डॉक्टरकडे जायला पाय उचलत नाही. ज्या दिवशी मला पेशंटची शीर दिसणार नाही, त्या दिवशी नोकरीची वाट लागली. हसू नका, पण मी घरी डोळे मिटून वावरायचा सराव करतेय. पलंगापासून मोरीपर्यंत नऊ पावलं आहेत. चहाही जमतो. हल्ली आईनं डब्यांना दोरे बांधलेत, एक गाठ चहाची, दोन साखरेची, त्यामुळे चुकत नाही.

कोणाला सांगू नका. मामींना नमस्कार. तुमची माया आहे म्हणून एवढं लिहिण्याचं धाडस झालं.

तुमची,
संघमित्रा


मुलुंड,
ता. ७ नोव्हेंबर २०२५

चि. संघमित्रास,
मामाचा जय भीम व अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून पाणी प्यायलो, दुसऱ्यांदा वाचून तुला शिव्या घातल्या, तिसऱ्यांदा मात्र नीट वाचलं. मूर्ख मुली, दुसऱ्यांच्या रक्ताचे रिपोर्ट वेळेवर जावेत म्हणून पोटात अन्न नसताना धावतेस, आणि स्वतःचा डोळा तपासायला घाबरतेस?

तीस वर्षं मी घाटकोपरला चष्म्याच्या काचा घासल्या. मशिनांनी कान नेले, पण डोकं शाबूत आहे. मला सांग, अंधार पडतो तो फक्त स्क्रीनवर का पडतो? माणसांची तोंडं, भिंती, तुझ्या पेशंटच्या शिरा, त्यांच्यावर का पडत नाही? आणि घरी बरं का असतं? घरी तू गॉगल घालून बसतेस का गं?

आता हे कर. गॉगल काढून हातात घे. मोबाइल चालू करून समोर धर. गॉगलच्या एका काचेतून स्क्रीन बघ आणि गॉगल हळूहळू गोल फिरव. स्क्रीन काळी होऊन परत उजळली, तर दोष काचेचा आहे, तुझ्या डोळ्याचा नाही. या काचांना पोलराइज्ड म्हणतात. रस्त्यावरची, पाण्यावरची चकाकी त्या अडवतात. पण स्क्रीनचा उजेडही आधीच एका चाळणीतून गाळलेला असतो. दोन चाळण्या एकमेकींना आडव्या आल्या की काहीच खाली पडत नाही.

तुझ्या आईचं, कमलचं असं नव्हतं. तिचं कडेकडेनं गेलं. ती दाराच्या चौकटीला खांदे आपटायची आणि चौकटीला नावं ठेवायची. आणि मी, काचांमधला शहाणा, मी तिला चष्म्याचा नवा नंबर काढून दिला. सहा महिने त्या नंबरावर गेले. ते सहा महिने मला अजून टोचतात. म्हणून सांगतो, चाचणीत काहीही निघो, डॉक्टरकडे तू जाणारच. डोळ्याचा दाब मोजून घे आणि कडेचं दिसतं का तेही बघून घे. नाही गेलीस तर मी तिथे येऊन ओरडेन, आणि मी ओरडलो तर जोगेश्वरी स्टेशनापर्यंत ऐकू जाईल.

डोळे मिटून चहा करणं आजपासून बंद. पत्राची वाट बघत जिन्यात बसतोय, उशीर करू नकोस.

तुझा मामा,
भीमराज


जोगेश्वरी (पूर्व),
ता. ११ नोव्हेंबर २०२५

ति. मामांस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

काळी झाली आणि परत उजळली! मामा, परत उजळली!

तुमचं पत्र पर्समध्ये घालून कामावर गेले. मरोळच्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावरचा नमुना घेतला आणि खाली उतरताना धीर करून जिन्यातच चाचणी केली. गॉगल फिरवला, मोबाइल काळा. आणखी फिरवला, उजेड. दहादा केलं. मग पायरीवर बसले आणि इतकी रडले की वॉचमन धावत आला. त्याला वाटलं माझी शुगर उतरली. त्यानं खिशातली श्रीखंडाची गोळी दिली. मग मी त्याच्या मोबाइलवरही चाचणी करून घेतली. त्याला बिचाऱ्याला काही कळलं नाही, पण मी हसायला लागल्यावर तोही हसला.

पंधरा दिवस मी नुसती भीती गिळत होते. आज वडापाव खाल्ला, तो वडापावसारखा लागला.

डॉक्टरची वेळ पुढच्या मंगळवारची घेतली आहे. घाबरतेय, पण जाणार. आता अडचण दुसरीच आहे. गॉगल आईनं दिलेला. तो चालत नाही हे तिला कोणत्या तोंडानं सांगू? परवा तुमचं पाकीटही तिच्याच हाती पडलं. हातात धरून तिनं मला दिलं, कोणाचं म्हणून विचारलंसुद्धा नाही. आणि रेंजवर, रस्त्यावर, दोन्हीकडे चालेल, पडला तरी टिकेल असा एकच गॉगल मिळतो का? रोज दोन सांभाळणं मला जमायचं नाही.

तुमच्या पायाशी डोकं ठेवते. मामींना म्हणावं, मामा शिव्या देतात ते बरंच करतात.

तुमची (बघणारी),
संघमित्रा


मुलुंड,
ता. १५ नोव्हेंबर २०२५

चि. संघमित्रास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी एवढ्या जोरात हसलो की तुझी मामी स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन आली. त्या दिवशी शेजारी पेढे वाटले. कशाचे ते सांगितलं नाही, गुपित राखलं.

आता गॉगल. कंपनीच्या नावावर जाऊ नकोस. काच पॉलिकार्बोनेटची माग. ती तडकली तरी तिचे तुकडे डोळ्यात जात नाहीत. दांडीच्या आतल्या बाजूला सुरक्षेचा शिक्का असतो, तो बघ. पोलराइज्ड नको हे पहिलं सांग. रंग फिका तपकिरी घे. रेंजवर तू सावलीत उभी आणि निशाण उन्हात, गडद काच घातलीस तर पिस्तुलाच्या टोकावरची नेम धरायची माशीच दिसायची नाही. काच डोळ्यांना कडेनं वेढणारी हवी. दांड्या सपाट आणि बारीक हव्यात. जाड दांडीमुळे कानावरचं आवाज अडवणारं झाकण उचललं जातं आणि फटीतून आवाज आत शिरतो. कानांचं काय होतं ते तुझ्या मामाकडे बघून शीक.

घाटकोपरला माझा जुना सोबती धोंडू, त्याचं दुकान आहे. पक्का मालवणी, खोटं बोलणार नाही आणि गोडही बोलणार नाही. त्याच्याकडे जा.

आणि आईला सोबत ने. सगळं सांगायचं की नाही ते तू ठरव, पण गॉगल बदलायचाय एवढं तरी सांग. ती तुटायची नाही गं. आपल्या घरात सगळ्यात चिवट तीच आहे.

डॉक्टर काय म्हणाले ते आधी कळव, बाकीचं मग. माया आहेच, ती अशीच दोन्हीकडून राहो.

मामा


जोगेश्वरी (पूर्व),
ता. २४ नोव्हेंबर २०२५

ति. मामांस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

आधी डॉक्टर. दाब बरोबर आहे, कडेचंही सगळं दिसतं. बाईंनी दोन्ही डोळे स्वच्छ असल्याचं सांगितलं. आईला काचबिंदू आहे म्हटल्यावर दरवर्षी तपासून घ्यायला सांगितलं आहे आणि मी घेणार आहे. फाइल उशाखाली घेऊन झोपले, आठ तास सलग.

शनिवारी आईला घेऊन धोंडूकाकांकडे गेले. दादाचा गॉगल छान आहे, पण रेंजवर स्क्रीन दिसत नाही, एवढंच तिला सांगितलं. तिला वाईट वाटेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, मग बदल ना, त्यात काय!

काकांनी आल्या आल्या विचारलं, तो बहिरो अजून जितो आसा? मग सात गॉगल काढले. मी आरशासमोर घालून बघत होते, तर काका म्हणाले, आरसो काय सांगतलो, जमिनीक विचार, आणि एक गॉगल सरळ लादीवर आपटला. मग त्यावर पाय देऊन उभे राहिले. दांडी वाकली आणि परत सरळ झाली.

पण गॉगल मी निवडला नाही, मामा, आईनं निवडला. एकेक माझ्या डोळ्यांवर चढवायची आणि बोटानं कडेकडेनं चाचपायची. भुवईच्या वर तिची करंगळी आत गेली की तो बाद. गरम पुंगळी इथूनच आत पडेल, म्हणाली. मग दांडी कानामागे दाबून बघायची, बिजागरी वीसदा उघडमीट करायची आणि कान लावून ऐकायची. चार बाद केल्यावर काका पुढचे गॉगल माझ्याऐवजी थेट तिच्या हातात द्यायला लागले. सहावा पास झाला. शिक्का तेवढा काकांनी वाचून दाखवला. दिसायला तो साधाच आहे, सुतारकाम करणाऱ्याचा वाटतो. पण काल रेंजवर स्क्रीन सबंध वेळ दिसत होती, कानाचं झाकणही नीट बसलं, आणि आज सकाळपासून तोच घालून स्कूटर चालवली. जुना गॉगल दादाला दिला. तो मित्रांसोबत खारदांड्याला होडीवर जातो, पाण्यावर त्याला तो मस्त चालतो.

आईला बाकी काही सांगितलं नाही. आता सांगून तिला कशाला त्रास! तुमच्या शिव्या लागल्या म्हणून मार्गी लागले, त्या अशाच देत राहा.

तुमची,
संघमित्रा


जोगेश्वरी (पूर्व),
ता. ३० नोव्हेंबर २०२५

ति. भीमराजदादास,
कमलचा जय भीम.

तू कापून दिलेल्या पुठ्ठ्याच्या खाचांतून लिहितेय. ओळी एकमेकींवर चढल्या तर सांभाळून घे. खूप दिवसांनी हातात पेन धरलंय.

तुझी दोन पाकिटं या महिन्यात माझ्या हातात आली. भाताच्या शितांनी पाकीट चिकटवणारा मुंबईत तूच उरला असशील. तू पोरीला पत्र लिहितोस आणि ती मला सांगत नाही, म्हणजे काय असेल ते मी ओळखलं होतं. त्याच्या आधीही ओळखलं होतं. दिवाळीपासून ती पलंगापासून मोरीपर्यंत पावलं मोजायची. तोंडातल्या तोंडात मोजायची, पण नऊवर थांबायची. मीही नऊच मोजली होती रे, पंधरा वर्षांपूर्वी, याच घरात. चमचा कपाच्या कडेला लागून मग आत जायचा, तो आवाज मला माहीत आहे.

विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं आणि ती हो म्हणाली तर? रात्रंदिवस एकच मनात, की माझंच तिच्यात उतरलं. मग मी वाटेतलं स्टूल उचलून भिंतीला लावलं. सुरी एकाच खणात ठेवायला लागले. डब्यांना दोरे बांधले. मला डबे जागेवरून कळतात, मला दोऱ्यांची गरज नव्हती. ते तिच्यासाठी होते. तिला वाटलं, आई म्हातारी झाली.

त्या मंगळवारी डोळे तपासून आली आणि जिन्यातूनच गाणं म्हणत वर आली. दाराशी चप्पल नीट काढलीही नाही, एक इकडे, एक तिकडे. मी त्या चपलेला अडखळले आणि तिथेच खाली बसून पोटभर रडले. ती आत मोठ्यानं रेडिओ लावून बसली होती, तिला कळलं नाही. दादा, तू तिला काय लिहिलंस ते विचारत नाही. नंबराचं ते जुनं ओझं तूही आता खाली ठेव. या वेळी तू वेळेवर ओळखलंस.

काल कात्री घेऊन सगळे दोरे कापून टाकले. संध्याकाळी पोरगी चहा करायला गेली आणि आतून कुरकुरायला लागली, की डब्यांवरचे दोरे कुठे गेले, तिला सवय झाली होती, आता साखर कशी सापडणार! मी म्हटलं, डब्यांवर तुझ्याच अक्षरात नावं लिहिली आहेत, वाच की.

हे पत्र तीच पोस्टात टाकणार आहे, म्हणून पाकीट तुझ्यासारखं शितांनीच घट्ट चिकटवते. वहिनीला जय भीम सांग. पुढच्या रविवारी जेवायला ये, आणि येताना मोठ्यानं बोल, घरात आता लपवण्यासारखं काही नाही.

तुझी बहीण,
कमल