मिल्स बेंडची दहा डॉलरांची लक्ष्मी

१० ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. अल वक्रा, कतार.
संकल्प: नोटांच्या संग्रहाबद्दल यापुढे मौन. (उसामाशी पाऊण तास फोनवर बोललो. तो अपवाद.)
जुन्या काळी अमेरिकेत गावोगावच्या बँका आपापल्या नावाच्या नोटा काढत. खाली कॅशियरची शाईची सही. तशी मिल्स बेंड गावची नोट मेसईदच्या प्लँटवरच्या इंजिनिअर हॉलिसकडे आहे. सही त्याच्या पणजोबांची! हॉलिस रिटायर होऊन परत जातोय, मूलबाळ नाही. नीट सांभाळणाऱ्याला देणार म्हणे. म्हणजे मलाच.
हॉलिस शोधला उसामा पारकरने. रत्नागिरीचा, त्याच प्लँटवरचा. तोही नोटा जमवतो, पण व्यासंग नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार.
हॉलिसने दोघांना बोलावलं होतं. उसामाला कळवलं, भेट पुढे गेली. ही लबाडी नव्हे, नियोजन. हॉलिसला सांगितलं, उसामा आजारी आहे. तसा तो तेलकट फार खातो, काळजी वाटतेच.
हॉलिसने विचारलं, कशी सांभाळाल? म्हटलं, चिमट्याशिवाय स्पर्श नाही. खूश झाला. आठवडाभर घरी ठेवून बघा म्हणाला. निर्णय पुढच्या शुक्रवारी. निर्णय कसला, औपचारिकता!

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन.
नोट पाटावर मांडली. प्लॅस्टिक काढलं, देवीसमोर आवरण कशाला? मंत्र सस्वर. कमलिनीने विचारलं, "अहो, हळदकुंकू नाण्यालाच, की हिलाही?" म्हटलं, "विचारायचं काय त्यात? पूजा अर्धवट नको."

२२ ऑक्टोबर. सकाळी.
कुंकू नेमकं सहीवर. ओल्या कापसाने हलकेच पुसलं. कुंकू राहिलं, सही गेली.
कमलिनीला मोठ्या मनाने माफ केलं. ती म्हणते, "तुम्हीच सांगितलंत ना?" पंचवीस वर्षांच्या संसारात ऐन वेळी साक्ष फिरवली.

२३ ऑक्टोबर.
उसामाचा फोन. हॉलिसने त्याच्या तब्येतीची चौकशी केली म्हणे. "वसंतराव, मला आजारी पाडलंत, निदान बघायला तरी यायचं होतं! तुमच्यासाठी शब्द मी टाकलेला. खलास." मी मैत्रीवर बोलू लागलो. फोन बंद.
अमेरिकनही चहाडी करतात, हे ठाऊक नव्हतं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार.
हॉलिसला समजावलं: आमच्यात हा नोटेचा सन्मान असतो. त्याने नोट हातात घेऊन लाल डाग पाहिला. मग म्हणाला, पणजोबांच्या हातचं घरात एवढंच उरलं होतं. वातावरण हलकं करावं म्हणून सुचवलं, सही पुन्हा काढून देतो, माझं अक्षर वळणदार आहे.
त्याने नोट माझ्या हातात ठेवली, "आता तुम्हीच ठेवा" म्हणाला, आणि दार उघडून धरलं.
तर नोट मिळाली. बसमध्ये फोटो काढला, उसामाला पाठवला. जाईना. त्याने ब्लॉक केलंय. अख्ख्या कतारमध्ये हिची किंमत कळणारा दुसरा माणूस नाही, आणि तो असा उलटला.