शेपटीवरचा काळा पट्टा

कॅलिपॅट्रिया,
६ जानेवारी

प्रिय रेनाता,

कशी आहेस? युमाची हवा मानवली का? माझा गुडघा होता तसाच आहे, त्याची चौकशी करू नकोस.

परवा वार्षिक पक्षीगणना झाली. नुसता वैताग! आपला सॉल्टनचा समुद्र, म्हणायला समुद्र आणि खरं तर खारं तळं, आणखी मागे सरकलाय. आपण गाडी लावायचो तिथून आता काठापर्यंत पाऊण तास चालावं लागतं. वरून मिठाचा थर कडक दिसतो आणि पाय टाकला की गुडघाभर चिखल. मेलेल्या माशांचा वास अजून केसांतून जात नाही. पेलिकन मोजून अकरा. पाणडुब्या इतक्या थोड्या की माझंच चुकलं असेल म्हणून दोनदा मोजल्या. दहाला वारा सुटला आणि धुळीत सगळंच गायब.

तुझ्या जागी हार्लनने बर्डिक नावाचा माणूस माझ्या गळ्यात बांधला. गणनेचा प्रमुख अजून हार्लनच आहे. बर्डिकची लेन्स तोफेएवढी, आणि दर कुरव पक्ष्याला एकच प्रश्न, "बाई, हा दुर्मीळ आहे का?" शेवटी म्हटलं, "अहो, इथे दुर्मीळ फक्त पाणी आहे." तो हसला नाही. तू हसली असतीस.

संध्याकाळी हॉलमध्ये पोसोलेचं गरम सूप आणि यादी. हार्लन एकेका पक्ष्याचं नाव पुकारत होता, आम्ही आकडे सांगत होतो. तो कुरवांपाशी आला आणि मी चमचा खाली ठेवला.

गेल्या वर्षी इथेच तू उभी राहिलीस. "काळ्या शेपटीचा कुरव, एक." जपानकडचा पक्षी, आपल्या वाळवंटात! हार्लनने मला विचारलं, "ओफेलिया, तू हिच्याबरोबर होतीस. पाहिलास?" मी म्हटलं, "मी नाही बाई पाहिला." मागून कुणीतरी बोललं, "पोरीला बिअर चढली असेल!" सगळा हॉल हसला. मीही हसले.

रेनाता, मी पाहिला होता. तू दुर्बिणीला डोळा लावून ओरडत होतीस, "पट्टा बघ, शेपटीवरचा पट्टा!" तेव्हा तुझ्या मागे उभी राहून मी तीन फोटो काढले. एक अगदी स्वच्छ आलाय. एकतीस वर्षं मी हा काठ तुडवतेय, आणि तो पक्षी तुला दिसावा, तुझ्या तिसऱ्याच हिवाळ्यात! मला ते सहन झालं नाही. दुसरं काही कारण नाही. माझ्या वयाला शोभत नाही, पण खरं ते हेच.

यादी संपल्यावर हार्लनने विचारलं, "आणखी काही?" मी उठले, सगळं सांगितलं, फोटो दाखवला. या वेळी कुणी हसलं नाही. हार्लन म्हणाला, "गेल्या वर्षीची यादी बंद झाली. आता नोंद दुर्मीळ पक्ष्यांच्या समितीकडूनच होईल, आणि ज्याने आधी पाहिला त्याने लिहून द्यायला हवं." मी म्हटलं, मीच देते की लिहून. तर म्हणाला, "तुझ्या शब्दावर आता कोण विश्वास ठेवणार, ओफेलिया?" मला जाम राग आला, आणि तो काढायला माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.

तू दुर्बीण विकलीस असं कळलं. फोटो आणि समितीचा फॉर्म सोबत पाठवतेय. प्रथम पाहणाऱ्याचं नाव, तो रकाना कोरा आहे. फॉर्म फाडलास तर तुझा हक्क आहे, फोटो तेवढा फाडू नकोस. साक्षीदाराच्या रकान्यात मी सही केली आहे.

एक वर्ष उशिरा साक्ष देणारी,
ओफेलिया