बाळाची पहिली लस

सेंगदुअन,

तुझ्या आईला कळा सुरू झाल्या, म्हणून तिला पाक्सेच्या दवाखान्यात नेतोय. "आईला हिपॅटायटिस बी आहे, मग बाळालाही होणार?" असं तू काल विचारलंस ना? आज नर्सबाईंना फोन करून विचारलं. आपल्याकडे पंधरा-वीस गरोदर बायकांत एखादीला तो असतोच. जन्मल्याबरोबर लस टोचली, की बहुतेक बाळं त्यातून वाचतात. तुलाही टोचली होती.

मावशीने आईची चिकट भाताची टोपली वेगळी केलीय. एकत्र जेवून हा आजार होत नाही. मी सांगितलं तर म्हणते, "बाबा, मास्तरकी पुरे!" तुझं ऐकेल, तू सांग.

लस टोचल्याशिवाय मी तिथून हलणार नाही. मी दारात दिसलो, की समज, टोचली.

आजोबा