खारूच्या होड्या

१७ एप्रिल, शनिवार
तळ्याकाठी, तंबूतून

ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. आम्ही दोघं इथे सुखरूप आहोत. हिची धरलेली कंबर सुटली. हवेने सुटली की स्वयंपाक नाही म्हणून सुटली, ते तिचं तिला ठाऊक.

निघताना तू बजावलंस, "खारूला घेऊनच ये. तुझ्यामागे वर्कशॉप कोण बघणार?" त्या विषयाकडे येतोच. आधी खारू काम करते ती ही सहलीची जागा कशी आहे ते सांगतो, कारण तुझी भाची रानात चार बांबू रोवून बसलीय असं तुला वाटतंय.

मी उगाच कशाची स्तुती करत नाही. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतला मागचा पडदा तिरका आहे, हे मी अजून म्हणतो. पण इथला उतार बघ. तंबूंच्या ओट्यांना इतका बेताचा ढाळ दिलाय की पाणी थांबत नाही आणि झोपलेला माणूस घसरतही नाही. तंबूच्या ताणाच्या दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधल्यात, पळणारी पोरं अडखळू नयेत म्हणून. होड्या पाण्यात उतरवायच्या घसरंडीवर आडव्या खाचा आहेत, म्हणजे गाडीचं चाक सरकत नाही. पोरांनी डुंबायची उथळ जागा तरंगत्या गोळ्यांच्या दोरीने वेगळी केलीय. मी पाण्यात उतरून शेवटच्या गोळ्यापर्यंत चालत गेलो. कुठेही छातीच्या वर पाणी नाही. हे सगळं कुणी केलं म्हणून विचारलं, तर ऑफिसातला माणूस म्हणाला, "ताईंनी." म्हणजे आपल्या खारूने. लहानपणी वर्कशॉपच्या फळीवर चढून नटबोल्टांचे डबे पाडणारी ती.

तिचं काम बघायला हवं होतंस. काल एक कुटुंब आलं. त्यांच्या आजी काही केल्या होडीत पाय ठेवेनात. मुलगा रागावला, सून समजावून थकली. खारू म्हणाली, "आजी, फिरायचं नाहीच आहे. नुसतं बसून बघा. होडी बांधलेली आहे, दोर तुमच्याच हातात घ्या." आजी दोर धरून बसल्या. होडी जराशी डुलली, त्यांनी डोळे मिटले, मग उघडले. खारू शेजारी बसून त्यांना गावाकडच्या गोष्टी विचारत राहिली. थोड्या वेळाने आजीच म्हणाल्या, "आता सोड की गं. का बांधूनच फिरवणार आहेस?" सगळा धक्का हसला. मीही हसलो.

आता एक गोष्ट सांगतो, ती भाऊजींना सांगू नकोस.

परवा संध्याकाळी धक्क्यावर गेलो, तर सगळ्या होड्यांचे दोर सैल. होड्या आपल्या हव्या तशा डुलतायत. मला असलं ढिलं काम बघवत नाही. एकेक दोर आखडून, होडीचं नाक खांबाला घट्ट भिडवून बांधलं. गाठी माझ्या होत्या, त्यांत खोट नव्हती. पण तळ्याच्या पलीकडच्या टोकाला बांध आहे आणि तिथून रात्री पाणी सोडतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. सकाळी पाणी हातभर खाली, आणि सगळ्या होड्या नाकावर लटकलेल्या. एका पोराने मला विचारलं, "काका, वाळत घातल्यात का?"

मी सुरी काढली. खारूने हात धरला. "बाबा, दोर नका कापू. खाली उतरा, होडी उचलून धरा. ताण गेला की गाठ सुटते."

मी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून होडी खांद्यावर घेतली. वर ती गाठ सोडत होती. खाली न बघताच म्हणाली, "बाबा, तुम्ही मला न्यायला आलात ना?"

मी म्हटलं, "आधी गाठ सोड, खांदा गेला माझा."

सगळ्या सुटल्यावर तिने मला दोर किती ढिला ठेवायचा ते दाखवलं. मी बांधला. तिने ओढून पाहिला नि म्हणाली, "आता बरोबर." ताई, मी लेथ शिकलो, वेल्डिंग शिकलो, जळक्या मोटारीत तार भरायला शिकलो, सगळं स्वतःच्या डोक्याने आणि हात भाजून घेऊन. शिकवणारं कुणी नव्हतं याची मी आयुष्यभर मिजास केली. पण 'बरोबर' म्हणणारंही कुणी नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं.

दुपारी ती चहा घेऊन तंबूत आली. म्हणाली, "विचारा की. आत्याचं फोनवर दोनदा विचारून झालंय."

ही माझ्याकडे बघत होती. घरून पाठ करून आणलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं, "त्या टोकाच्या होडीचं इंजिन खोकतंय. सोमवारपर्यंत बघून देऊ का?"

खारूने चहाचा कप माझ्या हातात दिला आणि पान्हे आणायला गेली. ही म्हणाली, "एवढंच विचारायला एवढ्या लांब आलात होय?" आणि तोंड फिरवून डोळे पुसत बसली.

तर ताई, मी विचारलं नाही आणि आता विचारणारही नाही. तूही तिला विचारू नकोस. हात चालतात तोवर वर्कशॉप मी चालवीन. पुढे लेथ ज्याला हवा त्याने न्यावा, फक्त तेल वेळेवर घालणारा असावा.

सोमवारी रात्री तुझ्याकडे पोचू. दोघंच येतोय, तिसरं ताट मांडू नकोस.

इथे माझं नाव कुणाला ठाऊक नाही. मी पहिल्या दिवशी दोघातिघांना पूर्ण नाव सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही. आता सगळे ज्या नावाने हाक मारतात, त्यालाच मी सरळ ओ देतो. म्हणून तेच लिहितो.

तुझा धाकटा भाऊ,
होडीवाल्या ताईंचे बाबा